उजेडाचे कान

विदर्भ महासंगणन केंद्राचे संचालक डॉ. प्रफुल्ल देवपुजारी यांना प्रकाश सरळ रेषेत जातो एवढंच भौतिकशास्त्र ठाऊक आहे, आणि तेही त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं असावं, असं विशाखा दंडिगेचं ठाम मत होतं. हे मत तिने मनात ठेवलं नव्हतं. मनात ठेवणं हा प्रकार तिला जमतच नसे. केंद्राच्या प्रकाशविभागाची ती प्रमुख. तिच्या हाताखालच्या अकरा माणसांना आपापल्याबद्दलची तिची मतं तोंडपाठ होती, कारण ती त्यांना आठवड्यातून एकदा तरी ऐकवली जात.

"टेंभुर्णे, डोकं घरी विसरून आलात, की मुळात कधी घेतलंच नव्हतं?"

हे तिच्या उपप्रमुखासाठी. सुबोध टेंभुर्णे एकेकाळचा तिचा विद्यार्थी. चाळिशीला टेकला तरी तिच्यासमोर हात मागे बांधून उभा राहायचा आणि "हो मॅडम" म्हणायचा. त्या "हो मॅडम"ने तिच्या मस्तकात तिडीक जायची. देवपुजारी दुसऱ्यांच्या कामाचा चोर होता, पण निदान चोरी करण्याइतकी हुशारी तरी त्याच्याकडे होती. टेंभुर्णेकडे तेवढंही नाही. बिनकण्याचा माणूस, असं ती म्हणे, आणि तो ऐकेल अशा बेताने म्हणे.

केंद्राचं यंत्रदालन तळमजल्यावर होतं. तिथे संगणकांची दोन हजार कपाटं रांगांनी उभी होती. कधीकाळी त्यांच्यामध्ये केबलींचं असं जंजाळ होतं की एक जोडणी बदलायची तर माणूस दिवसभर जमिनीखाली पालथा पडलेला असे. तीन वर्षांपूर्वी त्या सगळ्या केबली उपटून फेकल्या. आता प्रत्येक कपाटाच्या डोक्यावर लिंबाएवढा आरसा होता आणि त्यामागे डोळ्याला न दिसणारा लेसरचा किरण. किरण छतावरच्या आरशावर आपटायचा आणि हव्या त्या कपाटावर उतरायचा. आरसा केसभर फिरवला की यंत्राचा सोबती बदलला. एखाद्या गणिताला हजार यंत्रं लागली तर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत एकमेकांशी बोलू लागत, आणि गणित सुटलं की तितक्याच चटकन पांगत.

अडचण एकच होती, हवा. एप्रिल-मेमध्ये वर्धा रोडवर दूरचं डांबर पाण्यासारखं लवलवतं, ते नागपूरकरांना सांगायला नको. गरम आणि गार हवेतून प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो, म्हणून तो जाता जाता वाकतो. दालनातही तेच चालायचं. यंत्रांची ऊब वर चढे, गारवा तिच्यात घुसे, आणि किरण जरासा ढळला की माहिती सांडे. यावर विशाखाने उपाय काढला होता. आपला किरण नेमका कुठे पडतो आहे हे प्रत्येक आरसा सेकंदाला वीस हजार वेळा तपासायचा आणि स्वतःला सावरायचा. शिवाय गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या सावरण्यांच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. त्यांच्यावरून पुढच्या क्षणी हवा कुठे ढकलणार याचा अंदाज बांधला जाई. म्हणजे धक्का बसायच्या आधीच पाय रोवणारा आरसा. देशभरात एकशे चाळीस यंत्रदालनांनी ही पद्धत उचलली होती. देवपुजारी ती परदेशी पाहुण्यांना दाखवत, आणि दाखवताना "आम्ही" म्हणत.

२०३८ सालच्या एप्रिलमध्ये विशाखा एका क्षुल्लक गोष्टीच्या मागे लागली. दोन वर्षांच्या नोंदींतून तिने उष्णतेचा भाग वजा केला, पंख्यांची थरथर वजा केली, तरी थोडं काहीतरी उरत होतं. कुठलीही गोष्ट उरलेली तिला खपत नसे. दोन हजार किरणांचं हे उरलंसुरलं तिने एकत्र केलं आणि त्याचा आवाज केला. डोळ्याला जे सापडत नाही ते कधीकधी कानाला सापडतं, ही तिची जुनी सवय. दुपारच्या जेवणानंतर तिने हेडफोन चढवले.

आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून एक माणूस बोलला.

"या पंख्याले ग्रीस लावू लावू माहे हात दुखून राहिले राजा."

वातानुकूलनाचं काम पाहणारा प्रल्हाद निखाडे. आवाज पाण्यातून आल्यासारखा, पण शब्दन् शब्द स्पष्ट.

विशाखाने तेवढाच तुकडा पुन्हा तीनदा ऐकला. मग तिला सगळं उलगडलं आणि आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही याचाच राग आला. आवाज म्हणजे हवेची दाब-सोड. हवा दाबली गेली की प्रकाश केसभर वाकतो, आरसाही थरथरतो, आणि आरसा इमानाने ते सावरतो आणि लिहून ठेवतो. एका किरणाला काही कळत नाही. दोन हजार किरणांना मिळून सगळं कळतं. भिंतींना कान असतात म्हणतात. इथे उजेडालाच फुटले होते. आणि गंमत अशी की सगळ्या केंद्रात खासगी बोलायची जागा म्हणजे हेच दालन. पंख्यांच्या घरघरीत चार हात अंतरावरचं ऐकू येत नाही, म्हणून माणसं बायकामुलांचे फोन घ्यायला, एकमेकांच्या चहाड्या करायला तिथे जात. गेली दोन वर्षं ती मोकळेपणाने बोलत होती.

नोंदी तिथल्या तिथे बंद करून वर कळवणं, एवढंच भल्या माणसाचं काम होतं. विशाखाने उठून खोलीचं दार लावलं आणि यंत्राला तीन शब्द शोधायला सांगितले. विशाखा, दंडिगे, मॅडम.

पहिले सापडले देवपुजारी. पाहुण्यांना दालन दाखवत होते.

"हवेवरचा उपाय मूळ माझा. दंडिगेबाईंनी आकडेमोड केली, नाही कशाला म्हणू? हुशार आहेत, पण तोंडाळ. ऑक्टोबरपर्यंत त्यांना सल्लागार करून टाकतो. सल्लागाराला खोली दिली की तो शांत बसतो."

तिला राग यायला हवा होता. उलट तिला गुदगुल्या झाल्या. माणूस नीच आहे हे माहीत असणं वेगळं आणि त्याचा नीचपणा मुठीत येणं वेगळं. गुरुवारी नियामक मंडळाची बैठक होती. गुरुवारी हा उंदीर सगळ्यांसमोर शेपटीला धरून उचलायचा, असं तिने ठरवून टाकलं.

मग टेंभुर्णे सापडला. निखाडेशी बोलत होता.

"साहेब, गार हवा आता खालून येऊन राहिली," निखाडे सांगत होता. "जुनं काढून नवं बसवलं त्याले दोन वर्षं झाले. अन् मॅडमच्या गणितात ते अजून वरूनच येते म्हनता?"

"हो. त्यामुळे वरच्या रांगांचा अंदाज उलटा येतो. दर सोमवारी मी हाताने सरळ करून ठेवतो."

"मंग मॅडमले सांगा ना जी!"

"सांगितलं असतं. वैरागडेंचं आठवतं ना? त्यांनी चूक दाखवली, तर मॅडमनी त्यांना सगळ्यांसमोर तासभर फळ्यापाशी उभं केलं. महिन्याभरात माणूस नोकरी सोडून गेला."

"अन् तुमी असं किती दिवस करान?"

"त्या निवृत्त होईपर्यंत." टेंभुर्णे हसला. "प्रकाश म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं, प्रल्हादभाऊ. एक चिन्ह उलटं पडलं म्हणून काय झालं?"

विशाखाने गणित उघडलं. टेंभुर्णे म्हणत होता ते बरोबर होतं. नवी वातानुकूलन यंत्रणा बसली तेव्हा ती व्याख्यानं द्यायला जर्मनीत होती, आणि परतल्यापासून तिने दालनात पाऊल टाकलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या पडद्यावर सगळं दिसतं, मग त्या गोंगाटात कशाला जायचं? दोन वर्षं ज्या अचूकतेचा ती तोरा मिरवत होती ती दर सोमवारी हा बिनकण्याचा माणूस घडवत होता.

तिला लाज वाटली नाही. निदान त्या दिवशी नाही. संताप आला. देवपुजारीने केली ती चोरी. याने दया केली! तिच्यावर! चोराला माणूस चव्हाट्यावर आणू शकतो. दया करणाऱ्याचं काय करायचं? मग तिने ते केलं, जे तिने दुसऱ्या कुणाच्या बाबतीत केलं असतं तर ती त्याच्यावर थुंकली असती. टेंभुर्णेच्या आवाजाची खूण पकडून दोन वर्षांतलं त्याचं सगळं बोलणं तिने वेगळं काढलं आणि पुढच्या दोन दुपारी ऐकत बसली. कुठेतरी त्याचा कोतेपणा सापडेल, कुठेतरी तो तिच्याबद्दल वाईट बोलला असेल. सापडलं असतं तर बरं झालं असतं. सापडला तो एक फोन. बोलणं फक्त त्याच्या बाजूचं.

"डॉक्टर काय म्हणाले? ... बाळाचे ठोकेच नाहीत? ... रडू नकोस. रड, रड. मी निघतोय. ... नाही गं, तुझं काही चुकलं नाही. पुढची वेळ नाही आली तरी चालेल मला. तू आहेस ना."

त्या दिवसाची तारीख तिने पाहिली. त्या दुपारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा मागितली होती, आणि कामचुकारांना नेमकी गुरुवारीच कामं निघतात, असं ती त्याला म्हणाली होती. "हो मॅडम," तो म्हणाला होता. हे आठवूनही तिने हेडफोन काढले नाहीत. फोन संपेपर्यंत ऐकला.

गुरुवारी अकरा वाजता मंडळ जमलं. लांब टेबलाच्या टोकाला अध्यक्षबाई, दोन्ही बाजूंना चार सदस्य, उजव्या हाताला देवपुजारी. पडद्याशी तारा जोडायला टेंभुर्णे. देवपुजारींचं निवेदन संपायच्या आतच विशाखा उठली. "सरांचंच एक भाषण ऐकवते," ती म्हणाली आणि कळ दाबली.

"हवेवरचा उपाय मूळ माझा..."

संपूर्ण ऐकवलं, "सल्लागाराला खोली दिली की तो शांत बसतो" इथपर्यंत. देवपुजारींचा चेहरा राखेसारखा झाला. विशाखाने त्या चेहऱ्याचा आस्वाद घेतला, अगदी चवीने.

"हे तुम्ही कसं ध्वनिमुद्रित केलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

विशाखाने सांगितलं. थोडक्यात, पण नीट; शास्त्र चुकीचं सांगणं तिला शक्यच नव्हतं.

"म्हणजे तिथे एकही माइक नाही?"

"नाही."

"आणि दोन वर्षांपूर्वीचंसुद्धा ऐकता येतं?"

"येतं. पण मुद्दा तो नाही..."

"ही पद्धत आणखी किती ठिकाणी बसवली आहे आपण?"

उत्तर देवपुजारींनी दिलं. राखेतून निखारा वर यावा तसा त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढत होता. "एकशे चाळीस ठिकाणी, मॅडम. बँका, इस्पितळं, वकिलांच्या कचेऱ्या." मग ते पुढे म्हणाले, "खरं तर आम्ही वर्षभर या शक्यतेवर नजर ठेवून होतो."

टेबलाभोवती हालचाल झाली. सुरक्षेच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट, एक सदस्य म्हणाला. फुटीर माणसं आधीच कळतील, दुसरा म्हणाला. तिसऱ्याने विचारलं की कपाटं नसलेल्या साध्या खोलीत असं करता येईल का, आणि विचारताना तो इतक्या आशेने पुढे झुकला की जणू त्याच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट खोली होती. उपाय कुणाचा, चोरी कुणी केली, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. या माणसांबद्दल आपलं मत फार वाईट आहे असं विशाखा आजवर समजत होती. ते मत बरंच उदार होतं, हे तिला त्या दहा मिनिटांत कळलं.

"दंडिगे मॅडम, वेगळा विभाग काढू," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही प्रमुख. वर देखरेखीला देवपुजारी असतीलच. शोध तुमच्या नावावर, आता तर प्रश्नच नाही."

जिच्या जिभेला केंद्रात सगळे टरकत ती विशाखा गप्प बसली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तिचं तोंड उघडेना. कारण आतमध्ये एक किडा वळवळला होता. शोध तुमच्या नावावर. तो किडा तिला दिसत होता, तरी ती गप्प होती.

"आणि टेंभुर्णे, तुम्ही मॅडमना मदत करा. चालेल ना?"

टेंभुर्णे काय म्हणणार हे विशाखाला पाठ होतं.

"नाही," टेंभुर्णे म्हणाला.

सगळ्यांनी मान वळवली. एवढा वेळ तिथे कुणी उभं आहे हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, मॅडम. लोक तिथे विश्वासाने बोलले आहेत." त्याने पडद्याची तार काढली, व्यवस्थित गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि तो बाहेर गेला.

विशाखाने त्याला व्हरांड्यात गाठलं. तो स्वतःच थांबला.

"मॅडम, देवपुजारी सरांचं ऐकलंत. आणखी कुणाकुणाचं ऐकलंत?"

खोटं बोलता आलं असतं. "तुमचं," ती म्हणाली.

"हवेचं?"

"हो."

"गेल्या ऑगस्टमध्ये दवाखान्यातून माझ्या बायकोचा फोन आला होता. तो?"

"तोही."

त्याने पहिल्यांदाच हात मागे बांधले नव्हते. तो तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर ती भांडली असती. आयुष्यभर तिने जगाकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर तिला आज समोरून दिसत होती, आणि ती अशी असते हे तिला माहीत नव्हतं.

"मला वाटायचं, तुम्ही नुसत्या उद्धट आहात," तो म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

विशाखा तळमजल्यावर गेली. दालनाच्या दाराशी निखाडे पाना घेऊन उभा होता. "अरे! मॅडम? तुमी इकडं कशा काय जी?"

"दहा मिनिटं कुणाला आत सोडू नका, निखाडे. तुम्हीही बाहेरच थांबा."

आत पंख्यांचा गोंगाट होता आणि जमिनीतल्या जाळ्यांमधून गार वारा येऊन थेट घोट्यांना लागत होता. साडी पायांशी फडफडली. लहान पोरालाही कळलं असतं, हवा खालून येते आहे. त्यासाठी फक्त इथे उभं राहायला हवं होतं.

डोक्यावरून हजारो किरण जात होते आणि दिसत काहीच नव्हतं. "टेंभुर्णे," ती मोठ्याने म्हणाली, "माझं चुकलं." आणि तिला स्वतःची किळस आली. ज्याला सांगायचं तो इथे नव्हता, म्हणूनच तर ते इतकं सोपं गेलं. आरशांपुढे माफी मागायची आणि मोकळं व्हायचं! देवपुजारीलासुद्धा हे सुचलं नसतं.

ती कोपऱ्यातल्या नियंत्रण-पडद्यापाशी बसली. नोंदी एवढ्या प्रचंड होत्या की त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तिने दोन्ही वर्षं पुसली, स्वतः वेगळं काढलेलं बोलणंही पुसलं. ती पुसली जात असताना आरशांसाठी चार ओळींची नवी आज्ञा लिहिली: सावर, आणि लगेच विसर. काही लिहून ठेवायचं नाही. एकशे चाळीस दालनांना सुधारणा इथूनच जात. तिने ही आज्ञाही पाठवली, आणि तिथल्या जुन्या नोंदी पुसायची आज्ञाही. आठवण गेली की अंदाज गेला, आणि अंदाज गेला की जोडणी तीन वर्षं मागे गेली. पडद्यावरचा वेगाचा आकडा खाली घसरताना तिने पाहिला. त्या आकड्यात तिची दहा वर्षं होती.

याने काही थांबणार नाही हेही तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा कळलेलं जगाला विसरायला लावता येत नाही. वर्षा-दोन वर्षांत कुणीतरी हे पुन्हा करील आणि पदक घेईल. पुढे झालंही तसंच. त्याआधी तिची चौकशी झाली, तिला सक्तीने घरी बसवलं गेलं, आणि देवपुजारींनी एका मुलाखतीत जड अंतःकरणाने सांगितलं की प्रतिभावंतांचा तोल कधीकधी ढळतो. पण दोन वर्षं माणसं जे बोलली होती ते तरी आता कुणाच्या कानावर जाणार नव्हतं.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ती दालनातून निघाली ती सरळ पार्किंगमध्ये आली. ऊन मी म्हणत होतं. जेवणाची सुट्टी झाल्यामुळे निम्मं केंद्र तिथे होतं. कुणी डबे घेऊन झाडाखाली चाललं होतं, कुणी गाडी काढत होतं. टेंभुर्णे हेल्मेट घालून स्कूटरवर बसला होता. पायांशी फळीवर टेबलावरचं सामान भरलेलं खोकं होतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, म्हणजे त्याला निघता येईना.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

त्याने हेल्मेटच्या पट्ट्याशी थोडा वेळ झटापट केली, मग ते काढलं. केस घामाने चिकटले होते.

"काय म्हणालात, मॅडम? ऐकू नाही आलं."

तो मुद्दाम म्हणत होता की खरंच ऐकू आलं नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. आजूबाजूची माणसं थबकली होती. तिच्या विभागातले चारजण होते. प्रत्येकाला तिने कधी ना कधी सगळ्यांसमोर उभं करून सोललं होतं.

"चुकलं माझं, टेंभुर्णे," ती पुन्हा म्हणाली, झाडाखालच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "हवेचं गणित दोन वर्षं चुकीचं होतं आणि ते तुम्ही सांभाळत होतात. आणि तुमचा फोन मी ऐकला, तो शेवटपर्यंत ऐकला."

टेंभुर्णेने मान हलवली. क्षमा केली असं काही त्या मानेत नव्हतं. ऐकलं, एवढंच होतं. त्याने हेल्मेट चढवलं, आणि ती बाजूला होईपर्यंत वाट पाहून स्कूटर फाटकाकडे वळवली.